लहान होड्यांचे डेक : कूज टाळणाऱ्या साहित्याची निवड

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर मे महिना सरत आला की मच्छीमारांच्या होड्या पाण्याबाहेर ओढल्या जातात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत त्या वाळूवर, माडाच्या सावलीत किंवा घराच्या पडवीलगत उभ्या असतात आणि पावसाचा जोर ओसरला म्हणजे पुन्हा पाण्यात उतरतात. मधला काळ हा होडीच्या विश्रांतीचा काळ, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. होडीच्या वरच्या फळ्यांची, म्हणजे डेकची, सर्वात अधिक हानी याच दिवसांत होते. दहा महिने खाऱ्या पाण्याचे तडाखे सोसलेली फळी, कोणी तिच्यावर पायही ठेवत नसताना, आतून कुजते. आणि हंगामाच्या पहिल्याच फेरीत जाळे ओढताना भार पडला की मोडते.

हा विषय केवळ मच्छीमार आणि सुतार यांच्यापुरता नाही. होडीच्या बांधणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी कर्ज अथवा अनुदान मागितले जाते तेव्हा अंदाजपत्रक तपासणारा अधिकारी साहित्याच्या नावापुढे बरोबरची खूण करीत असतो. खाडीवरील तरीची होडी ग्रामपंचायतीच्या देखरेखीखाली असेल तर तिच्यातून शाळेची मुले ये-जा करतात. शिवाय २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर कृष्णा-पंचगंगेकाठच्या गावांना स्वतःची होडी हवी ही गोष्ट पुरेशी पटली आहे. अशी पूरहोडी मिळते, पण पुढे ती वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहते. वापरातल्या होडीपेक्षा पडून राहिलेली होडी लवकर कुजते, आणि पूरहोडीची फळी मोडण्याचा दिवस हा नेमका तिची गरज पडण्याचा दिवस असतो.

कूज म्हणजे काय?

लाकूड पाण्याने कुजते असे आपण म्हणतो, परंतु पाणी हे केवळ निमित्त होय. लाकूड खाऊन टाकणारी असते बुरशी. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते टाळणे कोणालाही शक्य नाही. ते रुजण्यासाठी चार गोष्टी लागतात : अन्न म्हणून लाकूड, हवा, ऊब आणि ओलावा. कोकणात ऊब बारमाही आहे. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस हे तापमान बहुतेक लाकूडभक्षक बुरशींना मानवणारे असते, आणि आपल्या पावसाळ्याचे तापमान जवळजवळ तेच. हवाही सर्वत्र आहे. राहता राहिला ओलावा. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून कमी असेल तर बुरशी वाढू शकत नाही. ते पंचवीस-तीस टक्क्यांच्या पुढे जाऊन तेथे टिकले की तिचे फावते.

उलट, लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेले असले तर हवेअभावी ही कूज थांबते. विहिरीच्या तळाशी जांभळाच्या लाकडाचे कडे घालण्याची जुनी चाल याच अनुभवावर उभी आहे. म्हणजे पूर्ण कोरडे लाकूड टिकते, पूर्ण बुडालेलेही टिकते. धोक्यात असते ते अर्धवट ओले राहणारे. डेक नेमका या मधल्या अवस्थेत असतो. (पाण्याखालच्या अंगाला लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांचा उपद्रव होतो, तो प्रश्न वेगळा आहे. त्याचे उपाय डेकला लागू पडत नाहीत आणि डेकचे त्याला.)

माध्यमिक शाळेतील शिक्षकांना याचे प्रात्यक्षिक सहज दाखविता येईल. किनाऱ्यावरील जुन्या फळीचा एक तुकडा तोलावा, भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. ६५ ग्रॅमचा तुकडा वाळून ५० ग्रॅम भरला, तर उडालेले पाणी १५ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या ३० टक्के. असा तुकडा कुजण्याच्या वाटेवर आहे असे खुशाल समजावे.

गोडे पाणी हाच शत्रू

समुद्राचे पाणी लाकूड कुजवते, हा समज किनाऱ्यावरसुद्धा पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात मीठ हे बुरशीला मारक आहे. खाऱ्या पाण्याने रोज भिजणाऱ्या फळीत मीठ मुरते आणि काही प्रमाणात तिचे रक्षण करते. पूर्वीच्या काळी मोठ्या लाकडी जहाजांच्या वाकांमधील पोकळीत मीठ भरून ठेवण्याची पद्धत काही देशांत होती, ती याच कारणासाठी. पावसाचे पाणी मात्र हे मीठ धुऊन नेते आणि स्वतः फटीत जाऊन बसते. कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. डेकला खरी झुंज द्यावी लागते ती या पाण्याशी. डेक धुवायचा तो समुद्राच्या पाण्याने, नळाच्या नव्हे, असे जुने तांडेल सांगतात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

गोड्या पाण्याचा आणखी एक मार्ग बर्फाबरोबर होडीत शिरला. मासळी ताजी राहावी म्हणून बर्फ भरणे आता सार्वत्रिक झाले आहे. हा बर्फ वितळून जे पाणी होते ते गोडेच. मासळीच्या कप्प्यावरील फळ्या आणि त्यांखालचे आडवे वासे या पाण्याच्या गारव्याने सतत घामेजलेले राहतात. जुन्या होडीची तपासणी करताना आधी पाहावा तो हाच भाग.

पावसाळ्यातील आच्छादनाबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. झावळ्यांच्या झापांचा उतरता मांडव होडीवर घालीत, त्यातून वारा खेळे. आज तेथे प्लास्टिकची ताडपत्री येते आणि ती काठांभोवती घट्ट आवळून बांधली जाते. वरचे पाणी अडते, परंतु आतली दमट हवा कोंडते. दुपारच्या उन्हात तिची वाफ होते, रात्री तीच थेंब होऊन फळ्यांवर पडते. ताडपत्री वापरण्यास हरकत नाही; मात्र ती बांबूंवर उंच ताणावी आणि दोन्ही टोके उघडी ठेवावीत.

लाकडाची निवड

डेकसाठी सागाला तोड नाही, हे खरे. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि बुरशीला न मानवणारी द्रव्ये असतात. ओले-कोरडे होताना तो फार आक्रसत नाही, फार फुगत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. एवढे सांगितले म्हणजे सागाची शिफारस पुरी व्हावी.

परंतु ‘साग’ हा शब्द अंदाजपत्रकात लिहिला म्हणजे काम भागले असे नाही. टिकाऊ असतो तो सागाचा गाभा. सालीलगतचा पांढुरका थर, ज्याला वनस्पतिशास्त्रात रसकाष्ठ म्हणतात, तो सागाचा असला तरी आंब्याच्या लाकडापेक्षा फारसा निराळा नाही. कोवळ्या वयात तोडलेल्या लागवडीच्या सागात या पांढऱ्या भागाचे प्रमाण मोठे असते. तपासणी करणाऱ्याने फळीच्या दोन्ही कडा आणि टोके पाहावीत. रंग लावण्यापूर्वी पाहावीत, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. खरेदीच्या वेळी वाहतुकीचा परवानाही मागून घ्यावा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये सागाच्या तोडीवर निर्बंध आहेत, आणि सरकारी साहाय्यातून बांधलेल्या होडीत बिनपरवान्याचे लाकूड निघणे कोणालाच परवडणारे नाही.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने लाकडाच्या टिकाऊपणाची कसोटी ठरविली आहे ती अगदी साधी आहे. गाभ्याचे तुकडे जमिनीत पुरून ठेवायचे आणि ते किती काळ तग धरतात ते पाहायचे. सरासरी १२० महिने वा अधिक टिकणारी लाकडे पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारी दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकणारी तिसऱ्या वर्गात मोडतात. साग पहिल्या वर्गातील, तर आंबा तिसऱ्या. जमिनीतील कसोटी ही अतिशय कडक असते. डेकवर, वारा लागत असता, तेच लाकूड अधिक वर्षे काढते. परंतु लाकडांची आपापसांतील तुलना करण्यास हे वर्ग उपयोगी आहेत.

सागाचा खर्च झेपत नसेल तर पश्चिम किनाऱ्यावर परंपरेने वापरलेली दुसरी लाकडे आहेत. पातफणस हे होडीबांधणीतील नावाजलेले लाकूड, केरळात तर त्याला सागाखालोखाल मान आहे. उंडीही होडीच्या कामाला पूर्वापार येते. शिवण हलकी, न वाकणारी आणि म्हणून डेकच्या फळीला विशेष सोयीची. ऐन बळकट खरा, पण जड. लहान होडीच्या वरच्या अंगाला वजन वाढवणे इष्ट नव्हे, कारण त्याने होडी डुलकी होते. आंबा स्वस्त आणि हाताशी असतो म्हणून वापरला जातो. प्रक्रियेवाचून तो डेकला लावू नये, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

प्रक्रिया केलेले लाकूड

लाकूड टिकविण्याच्या शास्त्रात भारताचे एक मोठे देणे आहे, ते आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. डेहराडूनच्या याच संस्थेत काम करीत असता डॉ. सोंटी कामेशम यांनी १९३३ च्या सुमारास तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे एक मिश्रण शोधून काढले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक किडीला, आणि क्रोमियम या दोहोंना लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवते, त्यामुळे ती पावसाने धुऊन जात नाहीत. ‘आस्कू’ या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर तारांचे खांब, रेल्वेचे स्लीपर आणि धक्क्यांचे लाकूड यांसाठी वापरले गेले.

हे द्रावण कुंच्याने लावून भागत नाही. बंद टाकीत आधी लाकडातील हवा ओढून घ्यावी लागते व नंतर दाबाखाली द्रावण आत घुसवावे लागते. येथे निसर्गाचा एक गमतीदार न्याय दिसतो. सागाचा गाभा द्रावण जवळजवळ घेतच नाही. रबराच्या झाडासारखे पांढरे, एरवी सहज कुजणारे लाकूड ते भरपूर पिते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) प्रक्रिया केलेल्या रबराच्या लाकडाच्या लहान होड्या तयार करून वापरून पाहिल्या, त्या याच गुणाच्या बळावर.

आर्सेनिकबद्दल मात्र सावधगिरी हवी. अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी या मिश्रणाचा वापर २००३ च्या अखेरीस थांबविण्यात आला. ज्या फळीवर मासळी ओतली जाते, मुले अनवाणी बसतात, तेथे आर्सेनिकऐवजी बोरॉन असलेले मिश्रण मागावे. त्यातील बोरॉन पावसाने हळूहळू निघून जाते, म्हणून वर रंगाचा थर लागतो. आर्सेनिकची प्रक्रिया केलेल्या लाकडाचे छिलके आणि तुकडे चुलीत घालू नयेत. धुरात आणि राखेत विष उतरते. ही सूचना होडी बांधणाऱ्यापेक्षा त्याच्या घरातील माणसांना अधिक आवश्यक आहे.

प्लायवूडवरील शिक्का

दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारे प्रत्येक प्लायवूड होडीसाठी नसते. ‘वॉटरप्रूफ’ हे विशेषण त्यातील डिंकाचे आहे, लाकडाचे नव्हे. थर सुटत नाहीत, पण थर कुजू शकतात. होडीसाठी भारतीय मानक ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लायवूडच घ्यावे. त्याचा सांधा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे आणि त्याच्या थरांवर रक्षक प्रक्रिया झालेली असली पाहिजे, असे हे मानक सांगते. भारतीय मानक ३०३ हा शिक्का सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचा. फर्निचरला तो पुरेसा आहे, डेकला नाही. अंदाजपत्रकात नुसते ‘प्लायवूड’ असे लिहिलेले असल्यास ते परत पाठविणे योग्य ठरेल.

मरीन प्लायवूडही कापल्यावर उघडे पडते. पाणी पृष्ठभागातून क्वचित, पण कापलेल्या कडेतून आणि खिळ्याच्या भोकातून झपाट्याने शिरते. म्हणून प्रत्येक कडेला, बसविण्यापूर्वी, इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. इपॉक्सी उन्हाने खराब होते, तेव्हा त्यावर रंग हवाच. ओल्या रंगावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरली म्हणजे पाय घसरत नाही.

‘फायबर’ आणि त्याच्या पोटातील लाकूड

काचतंतू आणि पॉलिस्टर राळ यांचे साहित्य, ज्याला किनाऱ्यावर नुसते ‘फायबर’ म्हणतात, ते कुजत नाही हे निर्विवाद आहे. ते हलके असते, त्यात सांधे नसतात आणि देखभाल कमी लागते. नव्या लहान होड्या बव्हंशी याच्याच असतात. असे असताना फायबरच्या होडीचा डेक पायाखाली मऊ का लागतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. उत्तर डेकच्या पोटात आहे. फायबरचा पातळ पत्रा लवतो. तो ताठ राहावा म्हणून दोन थरांच्या मधे प्लायवूड किंवा दुसरे लाकूड घालतात. पुढे कोणीतरी दोर बांधण्यासाठी त्यावर एक कडी बसवतो, भोक पाडतो, आणि त्या भोकातून पाणी आतल्या लाकडात उतरते. वरून फायबर, खालून फायबर, बाहेर पडायला वाट नाही, वारा नाही. कुजण्यासाठी याहून सोयीची जागा बुरशीला मिळणार नाही.

म्हणून फायबरची होडी घेताना आत काय भरले आहे हे विचारावे आणि लेखी घ्यावे. पाणी न पिणाऱ्या बंद पेशींच्या फेसाचा गाभा असल्यास उत्तम. मात्र कड्या, खुंट्या व इंजिनाच्या बैठका यांच्याखाली मऊ फेस चालत नाही, तेथे भरीव फायबर हवे. लाकडी गाभा असल्यास प्रत्येक भोक आधी मोठे पाडून, इपॉक्सीने भरून, वाळल्यावर त्यातूनच बोल्टपुरते भोक पाडावे. जुन्या लाकडी डेकवर वरून फायबरचा थर चढवून घेण्याची पद्धतही रूढ होत आहे. खालचे लाकूड कोरडे ठणठणीत असेल तरच ती उपयोगाची. ओल्या लाकडावर फायबर चढवणे म्हणजे कूज आत कोंडून तिच्यावर झाकण लावणे.

अॅल्युमिनियमचा नक्षीदार पत्रा पूरहोडीला चांगला. ५०८३ यासारखा समुद्री प्रकारचा मिश्रधातू असेल तर खाऱ्या पाण्यातही टिकतो. त्याला तांबे वा पितळ लागू देऊ नये, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजते. उन्हात तो तापतो. प्लास्टिकच्या आणि लाकडाचा भुसा मिसळलेल्या प्लास्टिकच्या फळ्याही बाजारात आहेत. साध्या प्लास्टिकच्या फळीचा ताठपणा सागाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका; भार घेणारा डेक तिचा करता येत नाही, तळाला टाकायची सुटी जाळी करता येते. भुसा मिसळलेली फळी जड असते, आणि त्यातील भुसा हे शेवटी लाकूडच.

खिळे, उतार आणि हवा

उत्तम सागाचा डेकही खिळ्यापासून कुजू लागतो. लोखंडी खिळा गंजतो, फुगतो, भोवतीचे लाकूड काळे व भुसभुशीत करतो आणि त्या वाटेने पाणी आत जाते. तांब्याचे खिळे सर्वोत्तम, पण महाग. जस्ताचा जाड मुलामा दिलेले खिळे हा मध्यम मार्ग. पितळी स्क्रू दिसायला छान असतात. समुद्राच्या पाण्यात त्यांतील जस्त निघून जाते आणि ते खडूसारखे तुटतात. स्टेनलेस स्टील घ्यायचे तर ३१६ प्रकारचे घ्यावे. ३०४ प्रकार स्वयंपाकघरात ठीक आहे.

बांधणीत दोन गोष्टींकडे पाहावे. डेक मधे किंचित उंच व दोन्ही काठांकडे उतरता असावा. मीटरभर रुंदीला दोन सेंटिमीटरचा उतार पुरतो. काठाशी पाणी जाण्याची भोके असावीत आणि ती बुजलेली नसावीत. दुसरे, डेकखालच्या बंद कप्प्यांना समोरासमोर दोन झरोके हवेत. एकाच झरोक्याने वारा वाहत नाही. शक्य तेथे फळ्या सुट्या ठेवाव्यात, म्हणजे बंदीच्या काळात त्या उचलून घराच्या माळ्यावर वाळत घालता येतात. लहान होड्यांत ही जुनी सोय होतीच. नव्या बांधणीत सफाईच्या हौसेने सर्व काही ठोकून बंद केले जाते, ते सुधारणेचे लक्षण मानता येत नाही.

खर्चाची तुलना करताना साहित्याच्या दराकडे न पाहता वर्षाच्या खर्चाकडे पाहावे. समजा एका डेकला साहित्य व मजुरी मिळून बारा हजार रुपये लागले आणि तो चार वर्षे टिकला, तर वर्षाला तीन हजार पडले. दुसऱ्याला तीस हजार लागून तो पंधरा वर्षे टिकला, तर दोन हजार. स्वस्त डेकच्या हिशेबात दर चार वर्षांनी बुडणारे मासेमारीचे दिवस आणखी धरावे लागतात. अंदाजपत्रकात साहित्याच्या नावाबरोबर त्याचा दर्जा, मानकाचा क्रमांक, खिळ्यांचा प्रकार आणि कडा बंद करण्याची पद्धत यांचा उल्लेख असावा. तपासणीची नोंद रंग लावण्यापूर्वीची असावी.

होडी पाण्यात उतरविण्यापूर्वीची तपासणी अर्ध्या तासाची आहे. लाकडी हातोडीने डेक टोके ते टोक ठोकीत जावे : निरोगी लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. शंका येईल तेथे आरी टोचावी. कड्यांच्या मुळाशी, काठाच्या फळीला, मासळीच्या कप्प्याच्या तोंडाशी आणि फळ्यांच्या टोकांना ती हमखास टोचावी. सहज आत गेली तर तेवढीच फळी न बदलता दोन्ही बाजूंना निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावे, कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पुढे बरेच अंतर गेलेले असतात. तरीच्या व पूरहोडीची अशी तपासणी वर्षातून दोनदा करावी, मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर. पूरहोडीसाठी त्यांतील मे महिन्याची तपासणी चुकता कामा नये.